मुखपृष्ठावरचं रडू

घरातल्या धाकट्या मुलीला सगळे टिपूस म्हणत. चाळिशी उलटली, कानांमागे केस पांढरे झाले, तरी टिपूसच. तिचं खरं नाव फक्त बँकेला ठाऊक होतं. हे नाव तिला एका फोटोनं चिकटवलं होतं. बाबांनी काढलेल्या त्या फोटोत सहा वर्षांची ती ओक्साबोक्शी रडतेय, तोंड वेडंवाकडं झालंय, आणि डाव्या गालावरचा एक थेंब पडायच्या बेतात थांबलाय. बाबांनी तो 'टिपूस' नावानं एका मासिकाच्या स्पर्धेला पाठवला आणि पहिलं बक्षीस पटकावलं. तेव्हापासून तो बैठकीच्या खोलीत टांगलेला असे, आणि घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला पाण्याच्या पेल्याबरोबर त्याची गोष्ट मिळत असे.

गोष्ट सांगायची ती आईनंच. तो मान दुसऱ्या कुणाला नव्हता.

"ह्यांना रडणारं मूल हवं होतं," आई सुरुवात करायची. "चिमटे काढून झाले, नाकाशी कांदा धरून झाला, ही आपली खिदळतेय! मी म्हटलं, अहो, असं नाही जमायचं. मी गेले स्वयंपाकघराच्या दाराआड आणि ह्याला पाठवलं." ह्याला म्हणजे दादाला. दादा तेव्हा बारा वर्षांचा होता आणि आता अठ्ठेचाळीसचा, पण या ठिकाणी तो न चुकता उठून उभा राही आणि चेहरा लांब करून म्हणे, "आई गेली. गाडीखाली आली. आता कधीच येणार नाही." मग ताईची पाळी. ताई ही मधली. ती धाकट्या बहिणीच्या रडण्याची अशी हुबेहूब नक्कल करायची की पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, हसून हसून. "आणि मी दाराआडून बघतेय," आई म्हणायची, "तोंडात रुमाल कोंबून! बाहेर आले तर ही माझ्या अंगावर झेपावली. मी म्हटलं, थांब गं बाई, आधी बाबांचा रोल संपू दे!"

इथे हशा. टिपूस त्या वेळी खोलीत असली तर सगळे वळून तिच्याकडे बघत, आणि तीही हसे. न हसून सांगते कुणाला?

त्यापुढचं कुणी सांगत नसे, कारण ते कुणाला माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं त्यांच्या ते खिजगणतीत नव्हतं. त्यानंतर कितीतरी महिने ती मुलगी रात्री उठून आईच्या नाकापुढे हात धरायची. श्वास लागला की पुन्हा झोपायची. एकदा आईला जाग आली. आईनं तो हात झटकला आणि म्हणाली, "नाटकं पुरे. आता कॅमेरा नाहीये." तेव्हापासून टिपूस कुणासमोर रडली नाही. शाळेच्या जिन्यावरून पडून मनगट मोडलं तेव्हाही नाही. पण नाव टिपूसच राहिलं.

दादाचं जग वेगळं होतं. नोकरी सांभाळून तो मोबाइलवर 'घरगोष्टी' नावाचं पान चालवायचा. दर आठवड्याला घरातला एक जुना फोटो आणि खाली त्याची गोष्ट. हजारो माणसं वाचायची, उसासे टाकायची, आपापल्या आज्यांचे फोटो पाठवायची. लोक त्याला व्याख्यानाला बोलवायचे. आपल्या घरची गोष्ट कशी सांगावी, या विषयावर. "जे दुखतं ते सांगा," तो म्हणायचा, "तिथेच गोष्ट असते." सभागृह माना डोलवायचं. बोलायला काय जातं!

आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. दादानं ठरवलं की सगळ्या फोटोंचं आणि गोष्टींचं पुस्तक काढायचं, छोटा हॉल घ्यायचा, शंभरेक माणसं बोलवायची आणि प्रत्येकाच्या हातात एक प्रत द्यायची. पुस्तकाची मांडणी टिपूसच्या गळ्यात पडली, कारण ती एका छापखान्यात हेच काम करायची. "घरचंच काम आहे," दादा म्हणाला. म्हणजे वेळ तिचा, डोळे तिचे आणि नाव त्याचं.

मुखपृष्ठ कुठलं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सोमवारी सकाळी दादाची फाइल आली, तिनं उघडली, आणि तिचं स्वतःचं तोंड दोन हात रुंद पडद्यावर रडत उभं राहिलं. त्यावर अक्षरं होती, 'आमच्या घरगोष्टी'. इतक्या मोठ्या आकारात तिनं तो फोटो कधी पाहिला नव्हता. भिंतीवर तो पाटीएवढा होता. इथे तिला त्या मुलीच्या पापण्या मोजता येत होत्या.

मागून छापखान्याचे मालक आले. भला माणूस. चष्मा कपाळावर सरकवून ते बघत राहिले.

"काय जिवंत रडू आहे हो! कुणाचं बाळ?"

"घरातलंच आहे एक."

"छान. पण बघा, तो गालावरचा थेंब कटिंगमध्ये जातोय. पुस्तकाची कड कापली की अर्धा उडेल. फोटो जरा आत घ्या. सगळी मजा त्या थेंबात आहे."

टिपूसनं माउस हातात घेतला आणि स्वतःला तीन मिलिमीटर आत सरकवलं. संध्याकाळी ती खोलीवर न जाता तडक आईबाबांच्या घरी गेली.

चौघंही होते. कच्चं मुखपृष्ठ टेबलावर पसरलेलं होतं आणि ताई त्याच्याकडे बघून जुनी नक्कल करून दाखवत होती.

"हा फोटो नको," टिपूस म्हणाली. "आत कुठेही टाका. मुखपृष्ठावर नको."

"का गं?" आईनं विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं.

"मला तो आवडत नाही."

"घ्या! अहो, ऐकलंत का? पहिलं बक्षीस, आणि हिला आवडत नाही."

बाबांनी फोटोवरून नजर उचलली नाही. बाबा मुळात कमी बोलत. फोटो काढण्यापलीकडे त्यांनी या घरात कशातही हात घातला नव्हता. "खिडकीचा उजेड होता नुसता," ते म्हणाले. "फ्लॅश नाही वापरला."

"मला वाटलं होतं तू खरंच मेलीस," टिपूस आईला म्हणाली. हे वाक्य तोंडातून काढायला तिला छत्तीस वर्षं लागली होती.

"मग, त्याशिवाय का असा फोटो आला?" आई म्हणाली, आणि सगळे हसले. दादा सगळ्यात जास्त हसला. मग तो शहाण्या माणसासारखा सरसावून बसला. "हे बघ, राईचा पर्वत करू नकोस. आपल्या घरात लोकशाही आहे. मत घेऊ. मुखपृष्ठावर हाच फोटो कुणाकुणाला हवाय?"

ताईचा हात वर गेला. बाबांचा गेला. दादाचा गेला. आईनं दोन्ही हात वर केले.

टिपूसला एवढंच हवं होतं की या चौघांपैकी एकानं एकदा म्हणावं, बाई गं, चुकलं आमचं. मग खुशाल छापा, भिंतीवर लावा, चौकात टांगा. एकदाच, कुजबुजत म्हटलं असतं तरी चाललं असतं. तिची मागणी याहून मोठी कधीच नव्हती, आणि या घरात याहून महाग काही नव्हतं.

"निदान खाली खरं लिहा," ती म्हणाली.

"मग तूच लिही की!" दादा खूश झाला. "पुस्तकाच्या शेवटी प्रत्येकाला एक पान दिलंय. आपण स्वतः काढलेला घरातल्या माणसाचा फोटो आणि त्याची गोष्ट. माझा नियम आहे, कुणी कुणाच्या पानाला हात लावायचा नाही. एक शब्दही बदलायचा नाही. तुझं पान तुझं."

तिनं लिहिलं. छापखान्यात जेवणाच्या सुट्टीत बसून, खोडून, पुन्हा लिहून. दाराआडून आलेला दबका आवाज, जो तिला तेव्हा हुंदका वाटला होता. बाबांचं "तोंड इकडे कर, इकडे." नाकापुढे धरलेला हात. सगळं लिहिलं आणि ताईला फोनवर वाचून दाखवलं. मग पलीकडून खुसखुस ऐकू आली, आणि मग ताईला हसू आवरेना. "अगं, नाकापुढे हात! हे तर आम्हाला माहीतच नव्हतं! किती गोड लिहितेस गं तू. अगदी आईवर गेलीस."

टिपूसनं फोन ठेवला आणि ते पान फाडून कागदाच्या कातरणांत टाकलं. शब्दांनी या लोकांना काही होत नाही, हे तिला कळून चुकलं. शब्द त्यांच्याच मालकीचे होते, तिच्या लहानपणापासून; कशाचीही ते हसण्यासारखी गोष्ट करत. त्यांना फक्त चेहरा कळत होता.

पुढे तिनं जे केलं ते चांगलं नव्हतं. त्याचं समर्थन इथे मिळणार नाही. तिनं ते रागाच्या भरातही केलं नाही. मालकांकडून छापखान्याचा चांगला कॅमेरा मागून घेतला, तिवई घेतली, आणि रविवारी दुपारी आईबाबांच्या घरी गेली. बाबा आत झोपले होते. दादा नळाचं सामान आणायला गेलाय असं आईला वाटत होतं, पण तो मघाशीच परतून गच्चीवर पाण्याच्या टाकीचं काम करून घेत होता. त्याचा फोन खाली चार्जिंगला लावलेला होता, तो तिनं बंद करून ठेवला. आई खिडकीपाशी मटार सोलत बसली होती.

"आई, माझ्या पानासाठी तुझा फोटो काढते."

"माझा?" आईचा चेहरा खुलला. "थांब, केस नीट करते. तुझे बाबा माझे कधी काढायचे नाहीत, तुमचेच काढायचे." तिनं आरशात बघून केस सारखे केले, पुन्हा खुर्चीत ताठ बसली आणि ओठ मिटून हसली.

"अशी पुतळ्यासारखी नको बसू."

"मग काहीतरी बोल ना. बोलता बोलता काढ."

टिपूस कॅमेऱ्याच्या मागे वाकली. तिनं आईच्या डोळ्यांवर फोकस धरला. बोट बटणावर ठेवलं.

"आई, मघाशी पोलिसांचा फोन आला होता. दादा गेला. वळणावर ट्रकनं उडवलं. जागच्या जागी."

आईनं तिच्याकडे पाहिलं. क्षणभर टिपूसला वाटलं की आई ओळखेल. जिनं हा खेळ काढला तिला तो कळणार नाही तर कुणाला? पण आईला काही आठवलं नाही. तिच्या हातातली शेंग खाली पडली. तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं, आवाज आला नाही. मग आला, आणि तो माणसाचा वाटत नव्हता. तिनं दादाचं बाळपणीचं नाव घेतलं, पुन्हा घेतलं, आणि मांडीवरच्या शेंगा जमिनीवर सांडल्या.

टिपूसनं एकच फोटो काढायचं ठरवलं होतं. तिनं किती काढले ते तिला आठवत नाही. खिडकीतून उजेड छान येत होता, हे मात्र तिच्या लक्षात आलं, आणि लक्षात आलं म्हणून तिला स्वतःची शिसारी आली, आणि तरी बोट थांबलं नाही.

"खोटं आहे," शेवटी ती म्हणाली. "दादा वर टाकीपाशी आहे. हे बघ, ऐक." वरून खरोखरच दादाचा आवाज येत होता. प्लंबरला दम भरत होता.

आईनं मान वर करून तो आवाज ऐकला. टिपूसनं पाणी आणून दिलं, ते ती प्यायली. शेंगा सांडल्या होत्या त्या दोघींनी मिळून गोळा केल्या. टिपूस वाट बघत होती. आता आई बोलेल. आता तिला कळलंय, हाडामासात कळलंय.

"कुणाला सांगू नकोस," आई हळूच म्हणाली. "इतक्यात नको."

"नाही सांगत."

"पान छापायचं तर छाप. पण आधी कुणाला दाखवू नकोस."

टिपूसचं मन भरून आलं. आईला लाज वाटली होती. आई, जिनं जन्मात कधी मान खाली घातली नव्हती, ती आज कुणाला सांगू नकोस म्हणत होती. माफीचा शब्द अजून आला नव्हता, पण तो ओठांपर्यंत आला होता, याची टिपूसला खात्री पटली. त्या आठवड्यात तिनं शेवटचं पान लावलं. वर आईचा चेहरा, खाली दोन ओळी. 'आईला सांगितलं की दादा अपघातात गेला. दादा गच्चीवर होता.' बाकी काही लिहायची गरजच नव्हती. दादानं आपला नियम पाळला आणि ते पान न बघताच छपाईला जाऊ दिलं. छापखान्यात रात्रपाळीचा मशीनवाला कागद तपासताना त्या पानाशी थांबला. "ह्या आजींचं कुणी गेलं का हो?" त्यानं विचारलं. ती नाही म्हणाली आणि पुढचा कागद मागितला.

हॉल भरला. नातेवाईक, शेजारी, बाबांचे जुने सहकारी, 'घरगोष्टी'चे वाचक. केक कापला गेला. दारातल्या टेबलावर पुस्तकांचे गठ्ठे होते, आणि प्रत्येक प्रतीवर सहा वर्षांची टिपूस रडत होती. थेंब शाबूत होता. दादा चांगलं बोलला. मग लोकांनी पुस्तकं उघडली. पानांची फडफड झाली, कुठे हसू, कुठे "अरे, हे बघ!" आणि मग मागच्या रांगेतून एकेक जण शेवटच्या पानाशी पोचला. फडफड थांबली. दादानं ते पान पाहिलं. ताईनं पाहिलं. ताईचा हात तोंडावर गेला. हॉलमध्ये अशी शांतता पसरली, जशी टिपूसनं आयुष्यात एकदाच ऐकली होती, आणि तेव्हा दाराआड आई होती.

आई उठली. सावकाश चालत पुढे गेली आणि दादाच्या हातातून माइक घेतला. ही आई सगळ्यांसमोर बोलणार होती. कुजबुजत नाही, माइकवर.

"शेवटचं पान सगळ्यांनी पाहिलंत ना?" आई म्हणाली. "मी हिला म्हटलं होतं, आधी कुणाला सांगू नकोस. का? कारण ही गोष्ट मलाच सांगायची होती!"

आणि तिनं ती सांगितली. काय सांगितली! टिपूसचं वाकून कॅमेऱ्यात बघणं, स्वतःचे सारखे केलेले केस, हातातली शेंग, सगळं करून दाखवलं. "मी इकडे बोंबलतेय आणि वरून ह्याचा आवाज, नळ नीट बसव रे गाढवा! मेलेला माणूस प्लंबरला शिव्या देतोय!" हॉल फुटला. लोक खुर्च्यांवर आडवे झाले. मघाशी तोंडावर हात ठेवलेली ताई आता त्याच हातानं डोळे पुसत होती. "एवढी वर्षं मी हिला फसवल्याचं सांगत आले," आई म्हणाली, "आता फिट्टंफाट झाली! शेवटी माझंच रक्त ना!"

दादा मात्र हसत नव्हता. तो पुस्तकात बघत होता आणि त्याचे डोळे भरले होते. त्यानं माइक जवळ ओढला. "आई, माझ्यासाठी एवढी रडलीस?" तो म्हणाला. "हा फोटो मला मोठा करून हवा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. टिपूसनं ज्याच्या मरणाची थाप मारली त्याला आयुष्यातलं सगळ्यात मोठं बक्षीस मिळालं होतं, आणि ते तिनंच आपल्या हातानं छापून दिलं होतं.

पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "आणि टिपूसचं सांगितलं असतं तर? ती गेली म्हणून?"

आईनं क्षणभरही विचार केला नाही.

"हिचं? मी म्हटलं असतं, नीट बघा हो जरा. रडत बसली असेल कुठेतरी!"

त्या संध्याकाळचा हा सगळ्यात मोठा हशा. बाबासुद्धा हसले, आणि बाबा हसलेले कुणी फारसे पाहिले नव्हते. हसता हसता सगळ्या माना टिपूसकडे वळल्या. तिनं ओठ घट्ट मिटले होते. घशात काहीतरी दाटून वर येत होतं, आणि इतक्या वर्षांनी ते सगळ्यांसमोर बाहेर पडणार, या भीतीनं तिनं खुर्चीची कड पकडली. मग ते बाहेर पडलं, आणि ते हसूच होतं. मोठ्ठं, खणखणीत, अगदी आईसारखं. शेजारची बाई तिच्या पाठीवर थाप मारत होती.

माइकपाशी उभी राहून आई तिच्याकडे कौतुकानं बघत होती. तसं तिनं आजवर फक्त दादाकडेच पाहिलं होतं. आणि टिपूसला ते आवडलं.